तुझ्या चित्रातलं ऊन

तलासरी,
१० नोव्हेंबर २०२४

कविता,

तुझं चित्र पोचलं. एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण नेदरलँड्सपर्यंत एक ओळ पाठवली म्हणून बाबांनी माझी अक्कल काढली असती. तेव्हा लिहिते.

फोन का करत नाही ते तुला माहीत आहे. तुझा फोन आला की आई चुलीपाशी हात थांबवून बसते. "आईला दे" म्हणायची तुला हिंमत होत नाही आणि "आण इकडे" असं ती म्हणत नाही. तुम्ही दोघी गप्प, आणि मधल्यामध्ये मी हवापाण्याच्या गप्पा मारते. चार वर्षं झाली आता. कागदावर निदान तुला मला मध्येच तोडता येत नाही.

नळकांडं शाळेच्या पत्त्यावर आलं. घरी खाटेवर उलगडलं तर कागद पुन्हा पुन्हा गुंडाळला जायचा, म्हणून चारी कोपऱ्यांवर चिकू ठेवले. बाबांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या लांबून पोरीनी गवत धाडलं?" खरंच की. जगात चित्रांचा काय दुष्काळ पडला होता? तुला गवत गोळा करणाऱ्या बायकाच मिळाल्या. इथे दाराबाहेर माळावर आत्ता तेच चाललंय. कापणी उरकली, गंज्या उभ्या राहिल्या, ट्रक लागले.

मला ते पहिल्यांदा आवडलं नाही, खोटं कशाला बोलू. गवत नारिंगी, सावल्या जांभळ्या, वाकलेल्या बाईच्या पाठीवर हिरवं आणि गुलाबी. वाटलं, छापखान्यात शाई सांडली असणार. मग तुझी चिठ्ठी वाचली. त्या चित्रकाराने (त्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही) रंग कालवलेच नाहीत म्हणतेस. शुद्ध रंगाचा एकेक ठिपका शेजारी शेजारी ठेवला आणि कालवायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडलं. मी चष्मा लावून जवळ गेले. नुसते ठिपके, पिवळा, निळा, शेंदरी, काही अर्थ नाही. मग मागे मागे सरकत दारापर्यंत गेले, आणि तिथून एकदम ऊन पडलं. मला दुसरा शब्द सापडत नाही. त्या कागदावर ऊन पडलं, कविता. गवताला ऊब आली. जांभळ्या सावलीत बसावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर माळावरून येताना एका गंजीची सावली बघितली. ती काळी नव्हतीच. निळसर जांभळी होती, आणि कडेला जिथे गवत सुरू होतं तिथे किंचित गुलाबी. किती वर्षं मी पोरांना सावली काळ्या खडूने भरायला सांगते आहे. आता कुठल्या तोंडाने सांगू?

आई काय म्हणाली, हे तू विचारणार नाहीस, पण वाचताना इथे थांबशील. तू लहानपणी शाळेतून आलीस की एक शब्द न बोलता दारात उभी राहायचीस, आई मान वर करून बघेपर्यंत. अजून तशीच आहेस. चित्र धाडलंस आणि चिठ्ठीत आईचं नावसुद्धा नाही.

तर ऐक. कोणी पाठवलं, हे तिने विचारलं नाही. पाट ओढून समोर बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भर दुपार आहे तठं. बायांना कोनी पानी नाय देलं." आणि बाबांना खिळा मारायला सांगितला. जागाही तिनेच दाखवली: आतल्या खोलीत, चौकाच्या भिंतीच्या बरोबर समोर.

ती भिंत तू विसरली नसशील. गेरूने सारवून, तांदूळ भिजत घालून ती तुझा लग्नाचा चौक लिहायला बसणार होती, आणि तू नि मुकेश ठाण्याला जाऊन सह्या करून विमानात बसलात. व्हिसा थांबत नाही हे मला कळतं. तिला नाही कळत. साऱ्या पाड्यातल्या पोरींचे चौक तिच्या हातचे. सगळ्यांच्या भिंतीवर तिने पिठाच्या चौकोनात लग्नाची पालघट देवी बसवली आणि पोटच्या पोरीची भिंत कोरी राहिली.

बाकी ठीक.

संगिता


तलासरी,
१ डिसेंबर २०२४

कविता,

"आईला ठिपके आवडले का?" एवढाच तुझा मेसेज. बाई ग, इथे जत्रा भरली होती आणि तुला ठिपक्यांची पडली आहे.

चित्राची बातमी पाड्यात पसरली. बायजी आली, पुतळी आली. आईबरोबर वर्षानुवर्षं चौक लिहिणाऱ्या दोघी, त्यांना कोण अडवणार? बायजीने नाक टेकवून बघितलं आणि आईला ओरडून म्हणाली, "अगो धाकले, यो त आपल्यासारखा ठिपकं ठेवतो! खळ्यावर भात लिहितो ना आपण, तसा!" पुतळी म्हणाली, आपण पांढऱ्या एका रंगात भागवतो, ह्याला सतरा लागले. दोघी हसून हसून बेजार. मग त्या भांडायला लागल्या. बायजी म्हणे त्या पुढच्या बाईचं लुगडं निळं आहे, पुतळी म्हणे जांभळं. मी त्यांना दारापर्यंत मागे नेलं, पुन्हा जवळ आणलं. लुगडं जवळून निळं नि तांबडं, लांबून जांभळं. दोघी बरोबर होत्या, त्यामुळे भांडण मिटेना.

आणि आई? आई म्हणाली, "ठिपकं? कठं ठिपकं? गवत आहे त्या."

आम्हाला वाटलं थट्टा करते. बायजी म्हणाली नीट बघ. आईने तोंड चित्राजवळ नेलं, अगदी बोटभर अंतरावर, आणि म्हणाली, "गवत आहे. बाया आहेत. ऊन आहे. ठिपकं तुमच्या डोक्यात आहेत." मी चिडले. तिचं बोट धरून एकेका ठिपक्यावर ठेवलं. हा पिवळा, हा निळा. ती म्हणाली, "गुळगुळीत लागतं." आणि उठून गेली.

तुला सांगते, हा तुझ्यावरचा राग आहे. चित्र सोडवत नाही, रोज समोर बसते, पण तू ज्यासाठी ते पाठवलंस तेवढं मात्र तिला दिसत नाही. जन्मभर तांदळाच्या पिठाचे ठिपके ठेवणाऱ्या बाईला ठिपका दिसू नये? आपल्या आईचा हट्ट तुला काय सांगायचा. गेल्या वैशाखात पाड्यातल्या उमेशच्या लग्नात तिने चौकाची किनार तिरकी नेली, तर म्हणाली भिंतच वाकडी आहे. पुतळीने गुपचूप पुसून सरळ केली. तेव्हापासून लग्नघरी जातच नाही, गुडघ्यांचं निमित्त सांगते. परवा डाळीत दोनदा मीठ पडलं, तर म्हणाली मीठच खारट आलंय.

काल म्हणाली, "तठं दुपार कलली." मी म्हटलं, चित्र आहे आये, तिथे कलायचं काय? ती म्हणाली, "तुना नाय दिसत."

मला तिच्याशी डोकं लावायला वेळ नाही. शाळेत तपासणी आहे.

संगिता


तलासरी,
१२ जानेवारी २०२५

कविता,

हे पत्र बसून वाच. मुकेश घरी असताना वाच.

नाताळच्या सुट्टीत मी आतली खोली झाडत होते. चष्म्यावर धूळ बसली म्हणून काढला आणि पदराने पुसत पुसत चित्राकडे बघितलं. अगदी जवळ उभी होते. आणि ठिपके नव्हते, कविता. एकही नव्हता. नुसतं गवत, बाया, ऊन. चष्मा लावला, ठिपके आले. काढला, गेले. मी कितीतरी वेळ तेच करत उभी राहिले.

म्हणजे तिला दिसतच नव्हतं. ती थट्टा नव्हती, राग नव्हता, हट्ट नव्हता. तुझा चित्रकार माणसाला मागे जायला लावतो तेव्हा कुठे रंग एकमेकांत मिसळतात. तिला मागे जायची गरजच पडली नाही. तिच्या डोळ्यांत सगळं आधीच मिसळून गेलं होतं. चित्र पूर्ण दिसलं तिला, आम्हा सगळ्यांच्या आधी दिसलं, आणि मी तिचं बोट धरून ठिपक्यांवर आपटत होते.

डहाणूच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी लगेच वापीला धाडलं. मोतीबिंदू असेल, काढून टाकतील, अशी मी मनाची समजूत घालत गेले. मोतीबिंदू नाही. साखर आहे. किती वर्षांची कोण जाणे, कधी कोणी तपासलीच नाही. साखरेने डोळ्यांचे पडदे खाल्ले. डॉक्टर भला माणूस होता, गुजरातीमिश्रित मराठीत पुन्हा पुन्हा समजावत होता. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायला इंजेक्शनं देऊ, लेझर करू, पण पडदा फार खराब झालाय, वचन देत नाही. मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, बेन, तेच मला सांगता येत नाही.

डोळ्यात सुई टोचताना तिने माझा हात धरला नाही. खुर्चीचा दांडा धरला.

येताना जीपमध्ये मी रडले. ती नाही. अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती, तिथे खोळंबलो तेव्हा मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "सांगून तू काय करशील? तुझा डोळा देशील माना?" मग थोड्या वेळाने, "नाय दिसत म्हटल्यावर हातात काडी कोन देल?" काडी म्हणजे चौक लिहायची बांबूची काडी. डोळे जायची भीती तिला नव्हती, काडी जायची होती. म्हणून गुडघे पुढे केले.

आता मुख्य गोष्ट. घरी आल्यावर ती पाटावर बसली आणि तुझं नाव घेतलं. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "कविताला बोलव. चौक लिहायचा आहे."

आपल्यात लग्न उशिरा झालं म्हणून कोणी बोट दाखवत नाही, तुला माहीतच आहे. पुतळीच्या नणंदेने दोन पोरांना कडेवर घेऊन अक्षता घेतल्या. लग्न लावणारी धवलेरी गायला तयार आहे. अच्छाडला मुकेशच्या घरी बाबा जाऊन आले, त्यांची ना नाही. फक्त तुम्ही दोघं हवीत. लग्नाची माणसं घरात असल्याशिवाय चौक लिहीत नाहीत, नाहीतर तिने आजच लिहिला असता.

लवकर ये. मी तुला कधी काही मागितलं नाही, म्हणून मागते. तिला भिंत दिसते आहे तोवर ये.

ती म्हणते, चित्रात दिवस उतरायला लागला आहे. उन्हं तांबडी झालीत. मी आता तिला काही बोलत नाही.

संगिता


तलासरी,
१६ मार्च २०२५

कविता,

मेच्या पहिल्या आठवड्यात. बरं.

मुकेशला त्याच्या वृद्धाश्रमातल्या नोकरीतून आधी सुट्टी मिळत नाही, तू एकटी येऊन चौक होत नाही. सगळं बरोबर आहे. पत्र तीनदा वाचलं, भांडायला एक जागा सापडली नाही. सापडली असती तर बरं झालं असतं.

आईला मी सांगितलं, होळी झाली की येतात. होळी झाली. मग म्हटलं, आंबे उतरले की. ती हसली. तिला खोटं ऐकू येतं, तेवढे कान चांगले आहेत.

तिची तयारी तुला बघवणार नाही. दर आठ दिवसांनी भिंत सारवायला लावते. शेण, माती, वर गेरू. बाबा कुरकुरतात नि सारवतात. म्हणते, भिंतीची ओल गेली की पापुद्रे धरतात, पीठ बसत नाही. भिंतीला काही झालेलं नाही. तिला बहुतेक तो लाल रंग नवा असला तरच दिसतो.

अंगणात जुन्या सुपावर गेरू फासून ती हात बसवते. चौकोनाची पहिली रेघ अजून सरळ येते, हाताला पाठ आहे. दुसरी तिला भेटत नाही. ठिपके ठेवते ते एकावर एक पडतात. एकाच जागी पिठाचा ढीग होतो आणि ती विचारते, "खळं भरलं?" मी म्हणते, भरलं. बायजी समोर होती परवा. तिने तोंड फिरवलं. मग म्हणाली, "धाकले, पहिली रेघ तू ओढ, बाकी आमी आहोत." आई म्हणाली, "माझ्या पोरीचा मी लिहीन."

चौक सवाशिणींनीच लिहायचा. मी सवाशीण नाही, माझं जमलं नाही, ते सोड. इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नव्हतं. पण तिच्या हाताला हात लावून रेघ पुढे न्यायची तर तेवढंही मला चालत नाही. मी पिठाची वाटी धरते. शिकलेली, कमावती, दहावीच्या पोरांना प्रकाशाचा धडा शिकवणारी बाई वाटी धरून बसते.

इंजेक्शनाला ती आता यायला तयार नाही. दोन वेळा मी जवळजवळ ओढून नेली. दुसऱ्या खेपेला डॉक्टरच म्हणाले, थांबलं नाही. मी त्यांच्यावर चिडणार होते, पण त्यांनी आईला स्वतःच्या हाताने धरून पायरीवरून खाली उतरवलं. कोणावर चिडू?

संध्याकाळी मी तिच्या शेजारी बसते आणि तिला चित्र सांगते. तूच शिकवलंस ते. पुढच्या बाईच्या पाठीवर ऊन कसं पडलंय, तिथे पिवळ्याशेजारी गुलाबी आहे म्हणून ते गरम वाटतं. गंजीच्या सावलीत निळ्याशेजारी शेंदरी ठेवलाय म्हणून सावली मेलेली नाही, श्वास घेते. लांबच्या झाडांवर हिरवा रंग कमीच आहे, पिवळा नि निळाच जास्त, तरी झाडं हिरवी. ती ऐकते. मध्येच म्हणते, "होता तसा. आता उतरला." आणि मग माझ्याकडे वळून, "तुना अजून ऊन दिसतं?"

मी हो म्हणते. तिला वाटतं मी मन राखायला म्हणते.

संगिता


तलासरी,
२० एप्रिल २०२५

कविता,

तिकीट बदलून आधीचं बघते म्हणालीस. नको बदलू. आहे तेच राहू दे.

काल शाळेतून आले तर आई तुझ्या चित्रासमोर बसलेली होती. बाहेर वैशाखासारखं ऊन, पत्रा तडतडत होता. दार उघडलं तर उजेड थेट चित्रावर पडला. इतकं चांगलं ते मला कधीच दिसलं नव्हतं. नारिंगी गवत पेटल्यासारखं, आणि सावल्या अशा निळ्या की हात घालावा. ठिपके लखलखत होते. वाटलं, कविता हवी होती आत्ता.

आईने विचारलं, "कोन, संगी?"

मी तिच्यापुढेच उभी होते.

मी म्हटलं, हो. शेजारी बसले. ती म्हणाली, "तठं पार अंधार पडला ग. बायांनी गवत उचललं का?"

मी बघितलं. त्या तिघी तिथेच वाकलेल्या होत्या, भर दुपारी, पाणी न पिता.

"उचललं," म्हटलं.

"घरा गेल्या?"

"गेल्या आये."

"बरां झाला," म्हणाली. "लई येळ उन्हात होत्या."

मग तिने मला भिंतीपाशी न्यायला सांगितलं. तळहाताने सगळी भिंत चाचपली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. बाबा दारात उभे होते, ते बाहेर निघून गेले. ती म्हणाली, "बायजीला सांग, पुतळीला सांग. पोरीचा चौक त्या लिहितील. वाटी मी धरीन."

तर आता घाई उरली नाही. मेमध्ये या, ठरल्याप्रमाणे. भिंत सारवलेली असेल, तांदूळ मी भिजत घालीन. चित्र काढायला मी बाबांना सांगितलं होतं, पण आई नको म्हणाली. असू दे, सकाळ झाली तर कोणी बघायला पायजे, म्हणाली.

एकच गोष्ट लक्षात ठेव. आलीस की पूर्वीसारखी दारात गुपचूप उभी राहू नकोस, ती मान वर करून बघायची वाट पाहत. अंगणातूनच हाक मार.

संगिता